पडद्याच्या बाजूचं चाक

मौलवी मुजीबोद्दीन यांना मोटारीतलं काहीही कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढं वाचताना कुणाला वाटेल की मी एखाद्या उपेक्षित कारागिराबद्दल लिहितोय. तसं काही नाही. इंजिन कुठं संपतं आणि गिअरची पेटी कुठं सुरू होते, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नव्हतं. गाडी बंद पडली की ते खाली उतरायचे, बॉनेटवर कान ठेवायचे, डोळे मिटायचे आणि निदान सांगायचे. ते दर वेळी चुकायचं. ड्रायव्हर गफूरमियाँ म्हणायचा, "मौलवीसाब पानी बोले तो तेल देखना, तेल बोले तो पानी. बहोत काम के आदमी हैं." आणि खरंच, इतका भरवशानं चुकणारा माणूस अड्ड्यावर दुसरा नव्हता.

पण मोटारीवर इतका जीव लावणारा माणूसही मी दुसरा पाहिला नाही. त्या जीव लावण्याचं मी काय करून ठेवलं, हे मला वीस-बावीस वर्षांनीही धड सांगता येत नाही. चूक केली म्हणावं तर त्यांची नोकरी त्याच चुकीनं वाचली. उपकार केला म्हणावं तर त्यांचा चेहरा आठवतो.

हे सगळं वर आलं ते गेल्या आठवड्यात. कामासाठी स्टँडवर गेलो होतो. मागच्या कुंपणाशी एक जुनी, चाकं काढलेली गाडी उभी होती. लाकडी सांगाडा, वरचा पत्रा गंजलेला, आत शेळ्या. मी बघत उभा राहिलो. एक तरुण कर्मचारी आला आणि म्हणाला, "काय काम आहे काका?" माझ्या तोंडून निघालं, "काही नाही. पाहतोय." हे वाक्य माझं नव्हतं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि बाहेर जगाचं युद्ध चाललं होतं. औरंगाबादच्या सरकारी शाळेत मौलवीसाहेब फारसी शिकवत, मी हिसाब, म्हणजे गणित. शाळा उर्दूतून चालायची आणि सुट्टी शुक्रवारी, म्हणजे जुम्म्याला असायची. मी पैठणकडून नुकताच आलो होतो, नवं लग्न झालेलं, उस्मानपुऱ्यात भाड्याची दोन खणांची जागा. ते पन्नाशीचे. उंच, किंचित वाकलेले, बोलणं मऊ. आम्हा सगळ्या मास्तरांच्या बाह्यांना खडूची पांढरी भुकटी लागलेली असायची. त्यांच्या एकट्याच्या शेरवानीच्या उजव्या बाहीवर काळा डाग असायचा. धुतला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच.

तो डाग कोळशाचा होता. युद्धामुळं पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून खुलताबादच्या मोटारीच्या मागच्या अंगाला एक उंच लोखंडी भट्टी बसवली होती. भट्टीत लाकडी कोळसा पेटवायचा, हातानं पंखा फिरवत बसायचं, धूर बाहेर पडता पडता त्याचा गॅस झाला की त्यावर इंजिन चालू व्हायचं. किंवा व्हायचं नाही. ती मोटार शहागंजच्या अड्ड्यावरची सगळ्यात जुनी. विलायतेहून आलेलं इंजिन, वर लाकडी डबा, समोर मोठा पितळी भोंगा. रंग पिवळा होता असं मला वाटतं. बायको म्हणते तांबडा होता. मौलवीसाहेबांना विचारलं असतं तर त्यांनी तिसराच सांगितला असता, कारण ते तिला पाहताना रंग पाहतच नसावेत. ते तिला "बडी आपा" म्हणत. थोरली बहीण. हे लक्षात ठेवा. मी ते लक्षात ठेवायला हवं होतं.

दर जुम्म्याला दुपारची नमाज झाली की ते अड्ड्यावर येत, खुलताबादचं तिकीट काढत आणि मोटारीत बसून खुलताबादला जात. तिथं एवढे दर्गे, एवढ्या वलींच्या, म्हणजे मुसलमान संतांच्या, कबरी. हे खाली उतरून दर्ग्याच्या दिशेला अदबीनं सलाम करत, अड्ड्यावरच्या टपरीत चहा पीत आणि मोटारीला एक फेरी मारून तिच्यातूनच परत येत. टपरीवाला एकदा माझ्यादेखत म्हणाला, "मौलवीसाब, लोकं औलियांकडं येतात, तुम्ही मोटारीकडं येता. अल्लाला काय सांगाल?"

"सांगेन, रस्ता चांगला होता," मौलवीसाहेब म्हणाले.

एका जुम्म्याला त्यांनी मला बरोबर नेलं. "पाठकसाब, तुम्ही हिसाबाचे माणूस. चला, तुम्हाला एक मुश्किल सवाल दाखवतो." अड्ड्यावर किसन क्लीनर भट्टीचा पंखा फिरवत घामाघूम झाला होता. किसन पिसादेवीकडचा, चाळिशीचा, सडपातळ आणि तोंडाचा फटकळ. मौलवीसाहेबांनी शेरवानीची बाही सरकवली आणि पंख्याचा दांडा हातात घेतला.

"असू द्या हो मौलवीसाब, कपडे बरबाद व्हतील."

"झाले आहेत."

"मंग नवे बरबाद करा. हे जुनेच का रोज?"

असं त्यांचं चालायचं. अड्ड्यावर त्यांना कुणी मान देत नव्हतं, म्हणजे मास्तर म्हणून देत होते, पण मोटारीच्या बाबतीत अजिबात नाही. त्यांनी काही सांगितलं की हशा पिकायचा. त्या हशात ते लहान मुलासारखे खुलायचे. "बरं, पानी नाही? मग काय?" आणि गफूरमियाँ खाली वाकून त्यांना दाखवायचा. ते मन लावून पाहायचे आणि पुढच्या जुम्म्याला विसरून यायचे.

मोटारीत पुढं पुरुषांची बाकं, मागं बायकांसाठी जाड निळा पडदा लावलेला भाग. मौलवीसाहेब नेहमी पडद्यालगतच्या शेवटच्या बाकावर बसत, डाव्या बाजूला. दौलताबादच्या किल्ल्याचा दगडी दरवाजा आला की ते बोलणं थांबवत. रस्ता त्या दरवाजातून जातो आणि मोटार त्यातून जेमतेम निघते. गफूरमियाँ दोन्ही बाजूंचे आरसे आत दुमडून घ्यायचा. पलीकडं निघाली की मौलवीसाहेब श्वास सोडायचे आणि म्हणायचे, "निघाली." जणू दर वेळी शंका होती.

मग घाट. कोळशाच्या गॅसवर भरलेली मोटार चढ चढत नव्हती. पायथ्याशी गफूरमियाँ थांबवायचा आणि आवाज द्यायचा, "चलो भई, मर्दां उतरो!" सगळे पुरुष उतरून चालत वर जायचे. बायका आत पडद्यात बसून राहायच्या. त्यांना उतरवायचं नाही, असा रिवाज होता. रिकामी मोटार धापा टाकत माणसाच्या चालीनं चढायची आणि किसन लाकडाचा मोठा ठोकळा घेऊन मागच्या चाकाशेजारून चालायचा. मोटार थांबून मागं सरायला लागली की झटकन ठोकळा चाकाखाली. लोक पुढं निघून जात, गप्पा मारत, पानं खात. मौलवीसाहेब जात नसत. ते डाव्या बाजूच्या मागच्या चाकाशेजारून, मोटारीच्या लाकडावर तळहात टेकवून, तिच्या चालीनं चालत. शेतकरी दमलेल्या बैलाच्या पुठ्ठ्यावर हात ठेवतो तसा.

मी त्यांच्या मागून चालत होतो. त्यांचा हात जिथं टेकला होता त्याच्या बरोबर खाली चाक होतं. आणि बरोबर वर, हातभर अंतरावर, निळा पडदा लावलेली बायकांची खिडकी.

तेव्हा मला हे काहीच वाटलं नाही. फक्त दिसलं.

पुढं एकदा मी बायकोला भद्रा मारुतीच्या दर्शनाला खुलताबादला घेऊन गेलो. ती पडद्यात बसली, मी मौलवीसाहेबांशेजारी. पडेगावच्या पुढं खालून खडखड सुरू झाली. मौलवीसाहेब अस्वस्थ झाले. मान वळवून, पण नजर समोर ठेवून, ते पडद्याला म्हणाले, "बहनजी, माफ करा. ही खडखड तुमच्या पायाखाली येते की पाठीमागं?"

आतून आधी खुसखुस, मग एका म्हातारीचा आवाज, "अगे माँ, ये कौन पूछरा?" आणि मग माझ्या बायकोचा, स्वच्छ मराठीत, "पायाखाली. बाकाच्या खाली काहीतरी आहे लोखंडाचं."

"शुक्रिया. म्हणजे चाक नाही." ते माझ्याकडं वळून समाधानानं म्हणाले, "हत्यारांची पेटी आहे ती. इथून समजत नाही. मरहूमा होती तेव्हा तीच सांगायची. तिचा कान फार चांगला. गफूरपेक्षा चांगला."

मरहूमा म्हणजे त्यांची वारलेली बायको. तिचं माहेर खुलताबाद. मी शाळेत लागायच्या दोन-तीन वर्षं आधी ती गेली, एवढं मला माहीत होतं. तिचा उल्लेख त्यांनी माझ्यासमोर केला तो या एकाच वेळी. मी मान हलवली आणि ती गोष्ट मनात ठेवून दिली. कशासाठी ठेवली, ते तेव्हा माहीत नव्हतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात अड्ड्यावरून कोळशाची पोती नाहीशी व्हायला लागली. कोळशाला तेव्हा सोन्याची किंमत आली होती. चौकशी सुरू झाली आणि कुणीतरी सांगितलं की एक मौलवी रोज संध्याकाळी येऊन मोटारीखाली वाकून बघतो, भट्टीभोवती फिरतो, प्रवास असो वा नसो. बाहीला कोळसा लागलेला असतो. अमीनसाहेबांनी, म्हणजे आजच्या भाषेत फौजदारांनी, त्यांना बोलावून घेतलं. शाळेत बातमी आली तेव्हा मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. पोलिसांचा एक कागद वर हैदराबादला गेला की सरकारी मास्तराची नोकरी गेलीच. मला म्हणाले, "पाठक, तुमची त्यांची ऊठबस आहे. जा आणि काहीतरी करा."

मी गेलो. मौलवीसाहेब अमीनसाहेबांसमोर खुर्चीवर ताठ बसले होते. गुन्हेगारासारखे नाही, परीक्षेला बसलेल्या हुशार मुलासारखे.

"तो आप वहाँ करते क्या हैं?" अमीनसाहेब विचारत होते. ते माणूस वाईट नव्हते. थकलेले होते.

"देखता हूँ."

"क्या देखते हैं?"

"मोटर."

"रोज?"

"जी, रोज. जुम्मे को बैठता भी हूँ."

"क्यों?"

मौलवीसाहेबांनी विचार केला. खरंच केला, मी पाहत होतो. मग म्हणाले, "अच्छी लगती है."

अमीनसाहेब शिपायाकडं वळले. "लिखो. अच्छी लगती है." शिपाई हसला. अमीनसाहेब हसले नाहीत. त्यांनी मौलवीसाहेबांना बाहेर व्हरांड्यात बसायला सांगितलं आणि माझ्याकडं पाहिलं. "मास्टरसाब, आदमी शरीफ दिखता है. लेकिन शरीफ आदमी के पास वजह होती है. ये वजह नहीं बताता. मैं ऊपर क्या भेजूँ?"

मला वजह हवी होती. माझ्या हातात ती एकच होती. मी म्हणालो, "साहेब, त्यांची बायको वारली. तिचं माहेर खुलताबादचं. ती याच मोटारीतून जायची, मागं पडद्यात बसून. हे पडद्यालगत बसायचे. म्हणून येतात."

त्यातला एकही तुकडा खोटा नव्हता. फक्त त्यांना जोडणारं "म्हणून" माझं होतं.

अमीनसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली.  मग शिपायाला म्हणाले, "वो कागज फाड दो." बाहेर येऊन त्यांनी मौलवीसाहेबांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "मौलवीसाब, आप जब चाहें आइए. कोई कुछ नहीं पूछेगा."

मौलवीसाहेब गोंधळले होते. रस्त्यात मला म्हणाले, "अमीनसाहेबांनाही मोटार आवडते वाटतं."

 मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हेही लिहून टाकतो.

शिपायानं गोष्ट अड्ड्यावर नेली. पुढच्या जुम्म्याला मी मुद्दाम बरोबर गेलो. गफूरमियाँ त्यांना पाहून उभा राहिला. यापूर्वी कधी राहिला नव्हता. शेवटचं बाक फडक्यानं पुसून ठेवलेलं, त्यावर दुसरं कुणी बसलेलं नाही. मौलवीसाहेबांनी पंख्याचा दांडा घ्यायला हात पुढं केला तर किसन हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मौलवीसाब. तुम्ही बसा निवांत." कपड्यांवरून चेष्टा नाही, काही नाही.

मोटार सुरू होईना. ते उतरले, बॉनेटवर कान ठेवला, डोळे मिटले. "गफूर, पानी."

मी हशाची वाट पाहिली. कुणी हसलं नाही. गफूरमियाँ मान खाली घालून म्हणाला, "हौ मौलवीसाब. पानीच होगा." आणि त्यानं खरंच पाणी ओतलं. सगळ्यांना माहीत होतं की पाणी भरलेलं आहे. मौलवीसाहेब त्याच्याकडं बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं निदान बरोबर ठरलं होतं आणि त्यांना ते पटलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर पडद्यातून एका म्हातारीचा हात बाहेर आला. त्यात दर्ग्याच्या चादरीवरचं गुलाबाचं फूल होतं. "लो बेटा," ती म्हणाली. "अल्ला उसकू जन्नत में जगा दे." मौलवीसाहेबांनी फूल घेतलं, आधी फुलाकडं पाहिलं, मग पडद्याकडं, मग माझ्याकडं. त्यांना तिथं कळलं असावं.

दोन दिवसांनी ते उस्मानपुऱ्यात माझ्या घरी आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. उंबऱ्याशीच उभे.

"पाठकसाब, तुम्ही माझी नोकरी वाचवली. शुक्रिया अदा करायला आलो."

"त्यात काय..."

"एक विचारू? तुम्हाला हिसाब आवडतो. मी पाहिलंय, मुलं गेल्यावरही तुम्ही फळ्यावर सवाल सोडवत बसता. त्यात तुमचं कोण वारलं होतं?"

मी पुन्हा बसा म्हणालो.

"तिथं मी एकटा असा होतो, की ज्याला काही येत नव्हतं आणि तरी येऊ देत होते," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "आता कुणी मला चूक म्हणत नाही. तुम्ही माझी मोटार नेलीत आणि मला बायको आणून दिलीत. तिला मी अड्ड्यावर शोधत नव्हतो, पाठकसाब. ती माझ्या घरी असते."

ते गेल्यावर बायको आतून आली. तिनं सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं, तुमचं काहीतरी चुकतंय. बायकोसाठी येणारा माणूस खडखड कुठून येते ते कशाला विचारेल?" मग पदराला हात पुसत म्हणाली, "विचारेलही. तीच सांगायची म्हणाले ना?"

मी ठरवलं, निस्तरायचं. अड्ड्यावर जाऊन गफूरमियाँला सरळ सांगितलं की मी अमीनसाहेबांपाशी बनवून बोललो. मौलवीसाहेबांना मोटारच आवडते. बाकी काही नाही.

गफूरमियाँनं बिडी विझवली. "मास्टर, हौ. समझ गया. उनोंच बोले ना तुमकू, ऐसा बोलो बोलके?"

"नाही, मी स्वतः सांगतोय."

"अच्छा है. मर्द आदमी, शरम आती. हम किसी कू नै बोलते." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पन कोई खाली मोटर के वास्ते इत्ता धुआँ खाता क्या? तुमीच बोलो."

स्वतः मोटार चालवण्यात हयात घालवलेला माणूस हे म्हणत होता. माझी लबाडी त्याला खऱ्यापेक्षा जास्त पटली होती, आणि मी जितकं नाकारत होतो तितकी ती पक्की होत होती. शेवटी मी नाद सोडला. परत येताना मलाच शंका आली. आपण खरंच लबाडी केली का? की त्यांनाच स्वतःबद्दल माहीत नसलेलं काही नकळत बोलून गेलो? मग बडी आपा का म्हणायचे? थोरल्या बहिणीत कुणी बायको शोधतं का? हा हिसाब मी आजवर अनेकदा मांडला आहे. दर वेळी वेगळं उत्तर येतं.

मौलवीसाहेब अड्ड्यावर यायचे बंद झाले. शाळेत भेटत, आदाब करत, हवापाण्याचं बोलत. बाहीवरचा डाग मात्र गेला नव्हता. मला वाटलं, जुना असेल.

उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांची बीदरला बदली झाली. नेहमीची सरकारी बदली, तिचा या प्रकरणाशी संबंध नव्हता, असं मुख्याध्यापक म्हणाले. मी विश्वास ठेवला. पुढं राज्य गेलं, माणसं इकडची तिकडं झाली, शाळेतल्या कुणालाच त्यांचा पत्ता राहिला नाही. मीही शोधला नाही. शोधून काय म्हणणार होतो?

पण ते जायच्या आधीच्या जुम्म्याला मी एकटाच खुलताबादला निघालो. का, ते सांगता येणार नाही. कुणी अड्ड्यावर विचारलं असतं तर माझ्याकडंही वजह नव्हती. पुसलेलं बाक अजून रिकामं सोडलेलं होतं. त्या दिवशी पडद्यात एकही बाई नव्हती. मी किसनला म्हणालो, "मौलवीसाहेब आता येत नाहीत ना?"

"येत्यात की."

"कुठं?"

"घाटात. टांग्यानं दौलताबादपत्तूर येत्यात अन् पायथ्याला बसत्यात. दर जुम्म्याला." किसननं मान उडवली. "वर गेल्यावर गाडीत बसा म्हणलं तर नाय म्हणत्यात. चालत खाली जात्यात. मी इचारत नाय. लई दुःख हाय त्या माणसाला."

दरवाजातून मोटार निघाली. आता श्वास सोडायला शेजारी कुणी नव्हतं, म्हणून मीच सोडला. घाटाच्या पायथ्याशी गफूरमियाँनं आवाज दिला आणि आम्ही उतरलो. पुलाच्या कठड्यावर मौलवीसाहेब बसले होते. ते उठले, किसनच्या हातातला ठोकळा घेतला आणि डाव्या बाजूच्या मागच्या चाकाशी जाऊन उभे राहिले. किसन पुढं निघून गेला.

मी मागं राहिलो. त्यांनी मला पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि तसं दाखवलं नाही. ऊन होतं. बाकीचे प्रवासी धापा टाकत चढत होते. कुणी त्यांच्याकडं वळून बघत नव्हतं, कुणी उसासे टाकत नव्हतं. चढावर ज्याचा दम त्यालाच पुरत नाही. त्यांनी बरोबर हीच जागा शोधून काढली होती. एका हातात ठोकळा, दुसऱ्या हाताचा तळवा मोटारीच्या लाकडावर, तोंडावर भट्टीची राख. मध्येच मोटार थांबली आणि मागं सरायला लागली. मौलवीसाहेबांनी ठोकळा टाकला, पण अंमळ उशिरा आणि तिरपा. मोटार दोन हात मागं आली आणि ठोकळ्यावर कशीबशी अडली.

वरून गफूरमियाँचा आवाज आला. मागं कोण आहे हे त्याला दिसत नव्हतं. "अरे कौन है बे पीछे? हात टूटे क्या? सीधा डाल ना अंधे!"

मौलवीसाहेबांचा चेहरा मी पाहिला. अड्ड्यावरच्या हशात खुलायचा तसा तो खुलला होता. त्यांनी वाकून ठोकळा सरळ केला.

वर कागजीपुऱ्याजवळ मोटार थांबली. माणसं चढायला लागली. मौलवीसाहेबांनी चाकाखाली ठोकळा नीट लावला, हात झटकले, इकडंतिकडं पाहिलं आणि खिडकीचा निळा पडदा वीतभर उचलून आत डोकावले. थोडा वेळ बघत राहिले. मग पडदा सोडला, त्याची चुणी हातानं सारखी केली आणि वळले. समोर मी.

"आदाब, पाठकसाब."

"आदाब."

"आज खालून आवाज नाही तिचा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी होती की समाधान, मला कळलं नाही. कोणाचा आवाज, हे मी विचारायला तोंड उघडलं, पण तोवर त्यांनी हात कपाळाशी नेला होता. मग ते घाट उतरायला लागले. पाठमोरी शेरवानी, उजवी बाही काळी. पहिल्या वळणावर ते दिसेनासे झाले.

किसन ठोकळा उचलायला आला. मी त्याला विचारलं, "पडद्यात मागं काय असतं रे?"

"काय असणार? बाया बसत्यात. आज नव्हत्या." त्यानं ठोकळा काखेत मारला. "अन् बाकाखाली हत्यारांची पेटी असती. लई खडखडती. पर आज पेटी बी नाय. कालच दुरुस्तीला उतरवली."

मी मोटारीत चढलो. पुसलेल्या बाकावर, पडद्याला लागून, त्यांच्या जागी बसलो. गफूरमियाँनं मागं वळून पाहिलं आणि मोटार सोडली. खुलताबाद येईपर्यंत मी मान वळवून, नजर समोर ठेवून, कान देऊन बसलो होतो. पडद्याच्या बाजूनं काहीच वाजलं नाही.